कामास आहे

"दौत खाली ठेव. पायरीवर नको."

तलाठी भाऊसाहेब एवढंच म्हणाले, तेही वर न बघता. मी दौत उचलली आणि मातीत ठेवली. दौत माझीच होती. शाईची पूडही मी कोल्हारच्या बाजारातून आणलेली. पण पायरी चावडीची होती.

चावडीला तीन पायऱ्या. वर घोंगडीवर तलाठी बसलेले, शेजारी पाटील पान लावत होते. खाली उन्हात मी, मांडीवर फळी घेऊन. कोरा कागद हवा असला की तलाठी तो वरून सोडत. कागद गिरक्या घेत खाली येई. कधी माझ्यापुढे पडे, कधी शेणात. मी उठायचो, झटकायचो, परत येऊन बसायचो. लिहिलेला कागद मात्र पायरीवर ठेवायचा, त्यावर दगड ठेवायचा आणि चार पावलं मागे सरायचं. मग तलाठी काठीच्या टोकाने दगड ढकलून कागद उचलत. माझ्या दौतीचा त्यांना विटाळ होता, माझ्या अक्षराचा नव्हता. अक्षर सरकारात जायचं होतं.

इथेच थांबलो तर माझी गोष्ट सोपी आहे. अपमान करणारे वर, सोसणारा खाली. ऐकणाऱ्याला माझी कणव येईल आणि मलाही बरं वाटेल. पण त्या दिवशी त्या कागदांवर मी काय लिहिलं ते सांगायचं आहे. चार वर्षं झाली. सगळं, पहिल्यापासून, माझ्या बाखेरीज मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

लढाईची वर्षं होती. आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या पाटाच्या पाण्यावरचं. पाटील आणि चार-पाच बागाईतदार यांचा ऊस, आणि त्या उसात राबणारे आम्ही. नगर-मनमाड सडकेवरून लष्कराच्या लॉऱ्या धूळ उडवत जात. नगरच्या छावणीत गोदामं उभी राहत होती, मोटारी दुरुस्त करायचे डेपो निघत होते. वर्तमानपत्रं लिहीत होती की माणूस कमी पडतोय, काम मुबलक आहे, आता हात रिकामे आहेत असं कोणी म्हणू नये.

मी एकोणीस वर्षांचा. सातवी पास झालेला, महारवाड्यातला पहिला. मुंबईहून येणारी पत्रकं मी मिळवून वाचायचो. वाड्यात मोठ्याने वाचून दाखवायचो. जोहार घालणं मी सोडलं होतं. पाटील दिसले की मी नुसता उभा राहायचो, आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा शूर समजायचो.

अशात तालुक्याहून हुकूम आला. प्रत्येक गावाने माणसांची यादी करायची. कोण कामास आहे, कोण बेकार आहे. जे बेकार असतील त्यांना छावणीच्या कामावर नेणार. लॉरी येऊन घेऊन जाईल. मजुरी रोख, राहायला पत्र्याची चाळ.

तो हुकूम वाड्यात मीच वाचून दाखवला. बायका दारात आल्या. म्हातारी माणसं जवळ सरकली. शिवराम माझ्या शेजारच्या घरातला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, दगड फोडून खांदे रुंद झालेला. त्याने मला दोनदा वाचायला लावलं.

"रोख? भाकर न्हाई, रोख?"

"रोख."

"आन् तिथं पाटील न्हाई?"

"छावणीत कुठला पाटील?"

शिवराम हसला. मग त्याच्या बायकोकडे बघून म्हणाला, "आईक. पाटील नसलेलं गाव हाय म्हनं नगरात."

यादी मी लिहावी असं तलाठ्यांनी ठरवलं, कारण महारवाड्यात ते पाऊल टाकणार नव्हते. आणि माझं अक्षर चांगलं होतं.

तर त्या दिवशी मी चावडीखाली बसलो होतो. वर पाटील बोलत होते. मला ऐकू जाईल याची त्यांना फिकीर नव्हती. पायरीशी कुत्रं बसलेलं असलं तरी माणसं बोलतातच.

"भाऊसाहेब, ही मानसं नगरला गेली तर माजा ऊस कोन तोडनार? तुमी?"

"कोण जातंय, पाटील? यादी आपल्याच हातात आहे ना."

मग तलाठी मला म्हणाले, "तुमच्या वाड्यात घरं किती रे?"

"बावीस."

"येसकरकी सगळ्या घरांवर पाळीने फिरते?"

"हो."

"मग झालं. सगळ्यांना काम आहे. धंद्याच्या रकान्यात येसकरकी लिही. पुढच्या रकान्यात, कामास आहे."

येसकरकी म्हणजे काय ते ज्यांच्या घरी ती कधी आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घुंगरं बांधलेली काठी घेऊन चावडीपुढे उभं राहायचं. गावाचे निरोप, सरकारी टपाल पळत पोचवायचं. साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं. दवंडी द्यायची, लाकूड फोडायचं, मेलेलं ढोर ओढायचं. आणि दिवस मावळताना दारोदार टोपली घेऊन "भाकर वाढा माय" म्हणायचं. शिळ्या तुकड्यांनी टोपली भरली की गावाचं देणं फिटलं. पंधरा दिवस एका घराची पाळी, मग काठी पुढच्या घरी. एका घराला पाळी वर्षातून जेमतेम एकदा येते.

मी म्हणालो, "पण पाळी पंधराच दिवस असते. बाकीचे दिवस माणसं रिकामीच असतात."

"बाकीचे दिवस पाळीची वाट बघायची असते," तलाठी म्हणाले.

हसता हसता पाटलांच्या हातून पान सांडलं.

माझ्या खिशात त्या क्षणी एक पत्रक होतं. घडीवर घडी घालून मऊ झालेलं. त्यात लिहिलं होतं की येसकरकीचं हे वतन म्हणजे गळ्यातला फास आहे, तो तोडा. ते मला तोंडपाठ होतं. मी टाक खाली ठेवला. खरंच ठेवला. दौतीशेजारी मातीत.

तलाठ्यांनी ते बघितलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"छावणीत हजेरी लिहायला माणूस हवाय. खुर्चीवर बसून. तुझ्यासारखं अक्षर तालुक्यात दुसरं नाही. रावसाहेब मामलेदार येणार आहेत, त्यांच्या कानावर घालीन म्हणतो."

खुर्ची. मी आयुष्यात खुर्चीवर बसलो नव्हतो. शाळेतसुद्धा दाराबाहेर गोणपाटावर बसून शिकलो. मी टाक उचलला. निब शर्टाला पुसलं आणि लिहायला लागलो. यात कोणी माझा हात धरला नव्हता.

वयं विचारायला मी घरोघर गेलो. पहिल्यांदा माझा बा. दारात वाख वळत बसला होता.

"काय लिवतुया माज्याफुडं?"

"वय."

"पन्नास लिव. म्हाताऱ्याला कामावर घेनार न्हाईत, न्हाई तर अजून दोन जास्ती हायेत."

बानेसुद्धा दोन वर्षं चोरली, लॉरीत चढायला मिळावं म्हणून. मी लिहिलं: वय पन्नास, येसकरकी, कामास आहे.

शिवरामला वाचता येत नव्हतं. पण तो कागदावर वाकला. त्याच्या बायकोचं माहेर पुणतांब्याला. तिकडे जाणारी सगळी पत्रं मी लिहीत असे आणि माझ्या हाताखाली अक्षरं उमटताना तो टक लावून बघत बसे.

"माजं नाव बेकारात घातलंस नव्हं?"

"व्हय," मी म्हणालो.

एवढं सोपं होतं ते. 'व्हय.' शिवरामने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच्या बायकोने आतून मला गूळ-पाणी आणून दिलं. मी ते प्यालो.

माझ्या स्वतःच्या नावाशी येऊन मी अडलो. तलाठ्यांना विचारलं. ते म्हणाले, "तेच लिही. बावीस घरांत एकच वेगळा दिसला की वर विचारतात. तुझं मी तोंडी सांगणार आहे." तेही मला पटलं. मी माझं नाव लिहिलं, वय एकोणीस, येसकरकी, कामास आहे. येसकरकीतली वेलांटी जरा ऐटीत काढली.

मामलेदार आले तेव्हा चावडीला आंब्याचे डहाळे बांधले होते. गाव वर, आणि आम्ही समोरच्या बाभळीखाली. मामलेदारांनी यादी चाळली, मग उभं राहून भाषण केलं. ते म्हणाले, या गावात एकही माणूस बेकार नाही. अशी गावं तालुक्यात वाढत आहेत. आज आपल्याकडे जेवढं काम आहे तेवढं पूर्वी कधी नव्हतं. हा तालुका जिल्ह्यात पहिला येईल. पाटलांना हार घातला. टाळ्या झाल्या.

भाषण ग्रांथिक होतं, आणि बाभळीपर्यंत निम्मंच पोचलं. शिवरामने मला विचारलं, "काय म्हनत्यात?"

"कामं वाढलीत म्हणतात."

"मंग चांगलंच की," म्हणून त्यानेही टाळ्या वाजवल्या.

बसण्याआधी मामलेदार तलाठ्यांकडे वळून म्हणाले, "अक्षर मात्र सुरेख आहे हं तुमचं." तलाठी नम्रपणे हसले. आणि मी, बाभळीखाली उभा, मनातून फुललो. अक्षर माझं आहे हे मला माहीत होतं, तेवढं पुरे झालं. हे सांगताना आजही माझे कान तापतात. त्या अक्षरात काय लिहिलंय हे त्या क्षणी माझ्या मनातही आलं नाही.

मामलेदार गेले. माझं नाव त्यांच्या कानावर गेलं की नाही ते कळलं नाही.

आठ दिवसांनी लॉरी आली. सकाळची वेळ. आदल्या दिवशीच बातमी लागली होती की कोल्हारहून माणसं घेऊन लॉरी नगरला जाणार आहे. महारवाड्यातली धडधाकट माणसं पहाटेपासून सडकेवर येऊन बसली. कोणाजवळ बोचकं, कोणाजवळ पितळी तांब्या. शिवरामने डोईला धुतलेला पटका बांधला होता. बाने दाढी करून घेतली होती, तरुण दिसावं म्हणून. मीही होतो. माझ्या पिशवीत टाक, दौत आणि एक कोरी वही.

लॉरी हात करून थांबवली. मागे कोल्हारची माणसं उभी, तरी अर्धी लॉरी रिकामी. छावणीचा मुकादम खाली उतरला. खाकी टोपी, बगलेत कागदांची चवड. गावाचं नाव विचारलं आणि कागद उलटू लागला.

"या गावचं कोणी नाही."

शिवराम पुढे झाला. "आसं कसं? नीट बगा. आमी बेकार हाय."

"कोण म्हणतं? इथं सगळे कामाला लागलेले आहेत. बावीसच्या बावीस घरं." त्याने कागद आमच्याकडे फिरवला. "मला माणसं हवीतच रे बाबांनो. लॉरी रिकामी नेली की साहेब मला बोलतो. पण कामावरचं माणूस पळवून नेलं म्हणून तुमचा पाटील अर्ज करील, मग माझी नोकरी जाईल."

शिवराम त्या कागदावर वाकला, तसाच, पत्रावर वाकायचा तसा. बराच वेळ बघत राहिला. मग मान वर न करता बोलला.

"ह्ये अक्षर तुजं हाय."

त्याला एक शब्द वाचता येत नव्हता. माझं अक्षर मात्र त्याने ओळखलं.

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो. लाज पांघरून मागे उभं राहावं एवढीही शरम माझ्यात तेव्हा नव्हती. मी म्हणालो, "माझं वेगळं आहे. मला हजेरी लिहायला घेणार आहेत. तलाठी भाऊसाहेबांनी रावसाहेबांना सांगितलंय."

"नाव?"

मी सांगितलं. त्याने बोट फिरवलं, सापडलं. मोठ्याने वाचलं. "वय एकोणीस. येसकरकी. कामास आहे." मग म्हणाला, "तूच लिहिलंस ना बाबा?"

लॉरी गेली. अर्धी रिकामीच. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो. मग एकेकाने आपलं बोचकं उचललं आणि गावाकडे वळला. कोणी मला मारलं नाही. शिवी दिली नाही. शिवराम माझ्या अंगावरून गेला तेव्हा थोडा बाजूला सरकून गेला, धक्का लागू नये असा. गावातली वरची माणसं तसं सरकून जातात हे मी जन्मापासून बघत होतो. शिवरामने तसं करावं हे मी कमावलं होतं.

तिथून मी धावत चावडीवर गेलो. तलाठी दप्तर बांधत होते.

"भाऊसाहेब, माझं नाव सांगणार होतात."

"कसलं?"

"हजेरीचं."

ते खरोखर आठवू लागले. मला वाटतं त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. मग आठवल्यावर म्हणाले, "अरे, पण तुला काम आहे ना? कागदावर तूच लिहिलंयस. सरकारी कागद खोटा कसा करणार आता?" आणि दप्तराची गाठ आवळत, "पत्रकं वाचतोस ना तू? मग लिहिण्याआधी वाचायचं."

पाटील आतून म्हणाले, "आन् परवापून तुमच्याच घरची पाळी हाय. बापाला सांग. ऊस तोडायला बी लागायचं हाय."

घरी आलो तर बा दारात बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. पायरीखालची दौत, खुर्ची, वेलांटी, सगळं. वाटलं, हा तरी मारील. तो ऐकत राहिला. वाख हातात तसाच. मग म्हणाला,

"म्हंजी सरकारच्या कागदात मी कामाला हाय."

"व्हय, बा."

"बारा म्हैने?"

"बारा महिने."

"मंग मला सुटी कंदी?"

तो चिडून बोलला नाही, थट्टेनेही नाही. तो खरंच विचारत होता. पन्नासावर दोन वर्षं वय झालेला माणूस पहिल्यांदा विचारत होता. त्या कागदावर सुटीचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कोरी वही काढली. घरोघर गेलो. काही दारं बंद झाली. शिवरामच्या बायकोने मला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं आणि दारातून नाव-वय सांगितलं, जसं परक्याला सांगतात. मी बावीस घरं पुन्हा लिहिली. धंद्याच्या रकान्यात येसकरकी लिहिली नाही. तिथे फक्त एक रेघ ओढली. पुढे लिहिलं, बेकार. बाच्या नावापुढे वय बावन्न लिहिलं. या वेळी मी प्रत्येक नाव लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकणारं माणूस "बरं" म्हणेपर्यंत पुढे गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या घरी काठी आली. बा उठला. मी त्याच्या हातातून काठी घेतली. त्याला वाटलं, मी पाळी करायला निघालो. आई म्हणाली, "धोतर नीट नेस, पाटील बोलंल."

चावडीशी आलो. वर तलाठी, पाटील, आणखी दोन बागाईतदार होते. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. तिसऱ्या पायरीवर मी काठी आडवी ठेवली. घुंगरं वाजली. काठीशेजारी माझी दौत ठेवली आणि तिच्याखाली नवी यादी.

"खाली उतर," तलाठी म्हणाले.

"आमच्या घरची पाळी संपली," मी म्हणालो. "मी बेकार आहे, भाऊसाहेब. तसं लिहा."

पाटील उठले. "आरं, भाकर बंद हुईल तुमची. सगळ्या वाड्याची."

"माझ्या घरची पहिल्यांदा करा. आम्ही टोपली मोडलीय."

मोडली नव्हती. घरी जाऊन मोडली. बा बघत होता. त्याने अडवलं नाही आणि मदतही केली नाही.

दौत पाटलांनी लाथेने उडवली. शाई तिन्ही पायऱ्यांवरून खाली ओघळली. पुढे किती तरी दिवस ते डाग घासूनही गेले नाहीत असं ऐकलं. यादीचं काय झालं माहीत नाही. तिची दुसरी प्रत मी स्वतः तालुक्याला नेऊन दिली, तिसरी छावणीच्या फाटकावर. उत्तर एकाचंही आलं नाही.

पुढचं गोड नाही. आमच्या घराची भाकर बंद झाली, उसातलं कामही. बा पाटाच्या खडीवर जाऊ लागला. वाड्यातल्या काही घरांनी काठी सोडली, काहींनी नाही. जी घरं पाळी करत राहिली त्यांना मी नावं ठेवणार नाही. माझ्या तोंडाला ते शोभणार नाही. शिवराम पायी नगरला गेला. फाटकावर त्याच्याकडे तालुक्याची चिठ्ठी मागितली, ती नव्हती. तो परत आला आणि पाटलाच्याच उसात उतरला. आजही तो तिथेच आहे. पुणतांब्याची पत्रं तो आता कोल्हारच्या मास्तरांकडून लिहून घेतो. त्यासाठी दीड कोस चालतो. मी शेजारच्या घरात राहत होतो तेव्हापासून.

मी आता नगरला एका छापखान्यात खिळे जुळवतो. लढाई संपली, राज्य बदललं. परवा माझ्याच हाताखालून एक मजकूर गेला. जिल्ह्यात आता बेकारी नावालाही उरलेली नाही, असा. खिळे जुळवताना माझी बोटं थांबली. ज्या ज्या गावचा हा आकडा आहे, तिथल्या यादीवर कोणाचं तरी सुरेख अक्षर असेल. तो मातीत बसून लिहीत असेल. त्यालाही खुर्ची दाखवलेली असेल.

म्हणून मी सुटीच्या दिवशी वही घेऊन गावोगाव जातो. जिथे सरकारी यादी झाली तिथे दुसरी यादी करतो. घरोघर, मोठ्याने वाचून. पाळीने काठी धरणाऱ्याला मी कामास आहे असं लिहीत नाही आणि लिहिणारही नाही. मारहाण झाली तरी, छापखान्यातून काढलं तरी. प्रत्येक यादीखाली मी सही करतो, आणि सहीखाली एक ओळ लिहितो:

'आमच्या गावची पहिली, खोटी यादी याच हाताने लिहिली आहे.'

लोक म्हणतात, ही ओळ गाळा, हिच्यामुळे यादीवरचा विश्वास जातो. ती ओळ मी गाळणार नाही.